नावांच्या शिवारातून

आम्ही दोघे भाऊ. थोरल्याने सत्तरी गाठली आहे, धाकटा सदुसष्टाचा. हा लेख दोघांनी मिळून लिहिला असल्यामुळे यातला 'आम्ही' संपादकीय थाटाचा नाही. तो खरोखरच अनेकवचनी आहे. असा 'आम्ही' आमच्या तोंडी बऱ्याच वर्षांनी आला, हेही आरंभीच सांगून टाकलेले बरे.

धाकट्याची मुलगी नोकरीनिमित्त फ्रान्समधील दिजों या शहरी राहते. गेल्या ऑक्टोबरात तिच्याकडे दोघांनीही जावे असा तिचाच हट्ट होता. तिला सुट्टी नव्हती, म्हणून एके दिवशी तिने आम्हांला दिजोंहून बोन या गावी जाणाऱ्या आगगाडीत बसवून दिले आणि हाती एक नकाशा दिला. "सायकली भाड्याने घ्या, द्राक्षांच्या वाटेने जा, कंटाळा आला की परत फिरा," एवढीच सूचना. सोबत वाटाड्या नाही, मंडळी नाहीत, कुणाच्या घड्याळाकडे पाहायचे नाही. बोनपासून दक्षिणेकडे सांतने गावापर्यंत सुमारे बावीस किलोमीटरांची ही वाट द्राक्षमळ्यांतून गेली आहे. वळणावळणावर पाट्या आहेत. चुकायचे म्हटले तरी चुकणे कठीण.

सायकलीवर बसताना आठवले, की याआधी आम्ही बरोबर सायकल चालवली ती एकाच सायकलीवरून. बेळगावच्या पश्चिमेकडील आमच्या लहानशा गावातून शाळेला जाताना थोरला पायडल मारी आणि धाकटा कॅरिअरवर बसे. आज दोघांना दोन सायकली, त्याही गिअरच्या. गाड्या उजव्या हाताने चालतात हे मनाला बजावीत आम्ही गावाबाहेर पडलो आणि पहिल्याच चढाला दोघांचाही श्वास फुलला.

नाशिककडची द्राक्षे आपण पाहतो ती मांडवावर चढवलेली. खाली माणूस ताठ चालू शकतो. इथली वेल मात्र कमरेच्या वर जात नाही. तारांना बांधलेल्या बुटक्या वेलींच्या सरळ ओळी, दोन ओळींत जेमतेम मीटरभर अंतर, आणि त्यांवरून दोन्ही बाजूंना पाय टाकून चालणारे उंच चाकांचे ट्रॅक्टर. वेचणी सप्टेंबरातच उरकली होती. पाने पिवळी आणि तांबूस होऊन गळू लागली होती. क्वचित एखाद्या वेलीवर मागाहून धरलेला, वेचणाऱ्यांनी सोडून दिलेला लहानसा आंबट घोस दिसे. उजवीकडे चुनखडीच्या टेकड्यांची रांग, डावीकडे सपाटी, आणि या दोहोंच्या मधल्या उतारावर ही सारी शेती. माथ्यावर माती फार पातळ, पायथ्याशी फार जड. उत्तम समजले जाणारे मळे बहुतेक या मधल्या पट्ट्यातच आहेत.

पोमार हे पहिले गाव. त्याच्या शिवारात शिरल्यावर रस्त्याकडेच्या दगडी गडग्यांवर आणि खांबांवर कोरलेल्या अक्षरांकडे आमचे लक्ष गेले. आधी वाटले, मालकांची नावे असतील. काही तशी होतीही. परंतु पुष्कळशी नावे शेतांची होती. इथे प्रत्येक तुकड्याला 'क्लिमा' म्हणतात. या शब्दाचा आजचा सामान्य अर्थ हवामान असा असला, तरी बर्गंडीच्या शेतकऱ्याला त्यातून अभिप्रेत असते ते सीमा ठरलेले, नाव असलेले, विशिष्ट मातीचे एक शेत. बोन आणि दिजोंच्या परिसरातील अशी १२४७ शेते २०१५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाली. किल्ले आणि लेणी वारसा होतात हे आम्हांला ठाऊक होते. शेतांची नावेही होऊ शकतात, हे नव्हते.

नावे तरी कसली? मुलीने नकाशावर पेन्सिलीने अर्थ लिहून दिले होते. पोमारचे 'रुजियँ' म्हणजे तांबड्या मातीचे. 'एपनो' म्हणजे काटेरी झुडपांचे. पुढे व्होल्नेचे 'कायरे' म्हणजे गोट्यांचे. मर्सोचे 'पेरियेर' म्हणजे जिथे पूर्वी दगडाच्या खाणी होत्या ते. एकाही नावात राजा नाही, पराक्रम नाही. शतकांपूर्वी कुणा शेतकऱ्याने नांगराला काय आडवे आले तेवढेच सांगितले आणि ते नाव होऊन बसले. वाचता वाचता थोरला सहज म्हणाला, "आपली खडकी." धाकटा काही बोलला नाही, परंतु दोघांच्याही सायकली थोड्या मंदावल्या.

व्होल्नेच्या चढावर धाकट्याच्या सायकलीची चेन पडली. दोघे वाकून, हात काळे करून खटपट करीत असता शेजारच्या ओळीतून एक वयस्क कामगार आला. त्याने चाक उचलून क्षणात चेन बसवून दिली आणि हात पुसायला पानांचा पुंजका पुढे केला. आमचे फ्रेंच चार शब्दांचे, त्याचे इंग्रजी तेवढेही नाही. तरी 'शेती' हा विषय खुणांनी बोलता येतो. त्याने हाताने दाखवले, इथून त्या ओळीपर्यंत आमच्या मालकाचे, तिथून पुढे मालकाच्या भावाचे. मधे बांध नव्हता. एक बुटका खुंट होता, तोही दाखवल्याशिवाय दिसला नसता. आम्ही एका शेताकडे, मग दुसऱ्याकडे बोट करून नाव विचारले. दोन्ही वेळा त्याने एकच नाव सांगितले आणि आमच्या चेहऱ्यांवरचे प्रश्नचिन्ह पाहून तिसऱ्यांदाही सांगितले. भाऊ दोन, वेचणीचे दिवस निराळे, बाटल्यांवरील मालकांची नावे निराळी. शेताचे नाव मात्र तेच.

हे ऐकून आम्ही गप्प का झालो ते सांगायला हवे. वडील १९९४ साली वारले. चार एकरांची जमीन आम्हां दोघांत वाटली गेली. मोजणीत तीन गुंठ्यांचा फरक निघाला आणि मधल्या बांधावरून जे व्हायचे ते झाले. भाऊबंदकीच्या कथा आपल्याकडे इतक्या आहेत, की त्यांत आमची एक सांगून वाचकांना शिणवीत नाही. तीन वर्षे आम्ही एकमेकांच्या दारी गेलो नाही, एवढे पुरे. पुढे येणेजाणे सुरू झाले, लग्नकार्ये झाली. शेताविषयी बोलणे मात्र टाळण्याची सवय जडली. बोलावेच लागले तर 'तुझा हिस्सा', 'माझा हिस्सा', नाहीतर सर्व्हे नंबर. आता शहर गावापर्यंत आले आहे. प्लॉट पाडणाऱ्या एका गृहस्थाने दोन्ही हिस्से मिळून मागितले आहेत, आणि त्याचे उत्तर द्यायचे राहिले होते. या प्रवासात ते कधीतरी ठरवायचे, असे दोघांच्याही मनात होते.

व्होल्नेहून उतार लागतो आणि मर्सो गाव येते. तिथल्या नगरभवनाचे छप्पर रंगीत कौलांचे आहे. पोमार-व्होल्नेचे मद्य तांबडे. इथून पुढे बहुतांशी पांढरे. एका तळघरात आम्ही चव घ्यायला गेलो. द्राक्षासवाच्या बाटलीपलीकडे आमच्या घरात द्राक्षाचा असा अवतार कधी आला नव्हता. दोन घोट घेतले. जाणकार मंडळी चव घेऊन थुंकून टाकतात, त्यासाठी भांडेही ठेवलेले असते. अन्न थुंकू नये या संस्काराने आम्हांला ते जमले नाही. तिसरा घोट मात्र नाकारला, कारण मद्यपान करून वाहन चालवण्याचा फ्रान्समधील कायदा सायकलस्वारालाही लागू आहे. चवीविषयी लिहिण्याचा आमचा अधिकार नाही. इतकेच कळले, की शेजारशेजारच्या दोन शेतांतील, एकाच जातीच्या द्राक्षांचे, एकाच हाताने केलेले दोन पेले खरोखरच निराळे लागत होते. म्हणजे नाव ही नुसती हौस नव्हे. जिभेला कळणारा फरक कुणीतरी जपून ठेवला होता.

हे जपणे आपोआप झालेले नाही. इथल्या शेतीला मध्ययुगात मोठा हात लागला तो मठांचा. सितो येथील मठ १०९८ साली स्थापन झाला, आणि बोनच्या उत्तरेस व्हूजो येथे त्याच्या साधूंनी द्राक्षमळ्याला भिंत घातली. फ्रेंच राज्यक्रांतीत मठांच्या जमिनी सरकारजमा होऊन विकल्या गेल्या. १८०४ च्या नागरी संहितेने वारसांत समान वाटणीचे तत्त्व आणले आणि पिढीगणिक तुकडे पडत गेले. व्हूजोचा तो सुमारे पन्नास हेक्टरांचा मळा आज ऐंशीच्या आसपास मालकांत विभागलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा नावाच्या किडीने वेली मुळापासून खाल्ल्या. अमेरिकी खुंटावर कलमे करून सारे पुन्हा लावावे लागले. वेली गेल्या, मालक गेले, भिंत तीच राहिली आणि नाव तेच राहिले.

दुपारी उशिरा आम्ही प्युलिन्यी गावच्या वरच्या अंगाला मोंराशेच्या गडग्यापाशी पोचलो. वाटेचा निम्म्याहून अधिक भाग झाला होता आणि गुडघ्यांनी पुढचा बेत रद्द केला होता. मोंराशे हे जगातील अत्यंत महागड्या शेतांपैकी एक. क्षेत्रफळ सुमारे आठ हेक्टर, म्हणजे आपले वीस एकरही पुरते नाहीत. तेही प्युलिन्यी आणि शासान्य या दोन गावांच्या हद्दींत विभागलेले, आणि मालक पंधरांहून अधिक. दोन्ही गावांनी पुढे हे नाव आपापल्या नावापुढे जोडून घेतले. आणि नावाचा अर्थ काय, तर बोडकी टेकडी. आमच्या गावच्या कुठल्याही माळाला शोभेल असा.

त्या गडग्यावर बसून आम्ही डब्यातल्या पोळ्या खाल्ल्या. मग थोरल्याने नकाशा उलटा केला, पेन मागून घेतले आणि म्हणाला, "सांग." धाकट्याने विचारले, "दादा, कुठून सुरू करू?" "ओढ्याकडून." आणि आम्ही आमच्या शेताच्या तुकड्यांची, मग शेजाऱ्यांच्या शेतांची, मग सबंध शिवाराची नावे लिहू लागलो. खडकी. वडाची पट्टी. लवण. चिंचेचा मळा. तळ्याखालचे. म्हसोबाची पट्टी. एकाला आठवले नाही ते दुसऱ्याला आठवे. अकरा नावे झाली आणि आम्ही थांबलो. वडिलांच्या तोंडी याहून पुष्कळ नावे होती. ती आम्ही रोज ऐकली होती, आणि एकमेकांशी न बोलण्याच्या वर्षांत ती बोलायला कुणी उरले नव्हते. वाटणीने आमचे शेत अर्धे अर्धे केले हे खरे. पण नावे आमच्या अबोल्याने घालवली. त्यात मोजणीचा किंवा बांधाचा दोष नव्हता.

इथे सारे गोकुळ आहे असा भ्रम करून घेण्याचे कारण नाही. जमिनीचे भाव इतके चढले आहेत, की वारसाकर भरण्यासाठी कुटुंबांना बाहेरच्या धनवंतांना शेत विकावे लागते. हवामानही बदलते आहे. बोन येथील वेचणीच्या तारखांची १३५४ पासून २०१८ पर्यंतची नोंद अभ्यासकांनी २०१९ साली प्रसिद्ध केली. तीवरून दिसते, की १९८८ नंतर वेचणी पूर्वीच्या सरासरीपेक्षा सुमारे तेरा दिवस आधी येऊ लागली आहे. परंतु साडेसहाशे वर्षांच्या तारखा लिहून ठेवणाऱ्या गावाला आपले काय बदलते आहे हे निदान कळते. ज्याची नोंद नाही, त्याचे जाणेही लक्षात येत नाही.

संध्याकाळी बोनला परतलो तेव्हा तिथल्या जुन्या रुग्णालयाच्या रंगीत कौलांवर ऊन होते. १४४३ साली निकोला रोलँ आणि गिगोन द सालँ या दांपत्याने ते गरिबांसाठी स्थापन केले. भाविकांनी त्याला द्राक्षमळे दान दिले, आपल्याकडे देवस्थानाला इनाम देत तसे, आणि त्या मळ्यांच्या मद्याचा लिलाव १८५९ पासून दर नोव्हेंबरात होत आला आहे. रुग्णसेवेला त्यातून पैसा मिळतो आणि पिंपांवर अनेक दात्यांची नावे अद्याप असतात. आम्ही सायकली परत केल्या. दुकानदाराने काळे झालेले हात पाहून हसून साबण दाखवला.

गावी परतल्यावर आत्याकडे गेलो. तिने नव्वदी ओलांडली आहे. अकरा नावे वाचून दाखवताच तिने आणखी चार सांगितली. त्यांतली दोन शेते कुठे होती ते तिलाही आठवत नाही. ती नावे आम्ही जागा कोरी ठेवून लिहिली आहेत.

शेत विकायचे की नाही हे हा लेख लिहीपर्यंत ठरलेले नाही. धाकट्याला विकावेसे वाटते, थोरल्याला नाही, आणि दोघांपाशीही कारणे आहेत. एक मात्र ठरले आहे. आजोबांच्या वेळच्या खरेदीखतात सर्व्हे नंबरापुढे 'यास खडकी म्हणतात' असे शब्द होते. पुढच्या कागदांतून ते गळाले. पुन्हा खत करण्याची वेळ आलीच, तर चतुःसीमेच्या आधी ते तीन शब्द घालायचे. लिहिणाऱ्याने कारण विचारले, तर दोघांनी मिळून सांगायचे.