शब्दाला आठ सेंट

जिनीव्हा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे स्वित्झर्लंड उभे राहते. बर्फाची शिखरे, घड्याळांची दुकाने आणि जागतिक परिषदा! पण अमेरिकेतही एक लेक जिनीव्हा आहे, हे मला अगदी परवापरवापर्यंत ठाऊक नव्हते. शिकागोहून मोटारीने दीड-दोन तासांवर, विस्कॉन्सिन राज्यात, एका निळ्याशार सरोवराच्या काठी हे टुमदार गाव वसले आहे. १८७१ साली शिकागो शहर आगीत होरपळले, आणि त्यानंतर तिथल्या लक्षाधीशांनी या काठावर बंगल्यांची रांगच उभी केली. च्युइंग गमवाले रिग्ली त्यांतलेच. उन्हाळ्यात या बंगल्यांचे टपाल होडीने येते. होडी थांबत मात्र नाही. एखादा पोरगा किंवा पोरगी धक्क्यावर उडी मारते, पेटीत पत्रे टाकते आणि धावत येऊन चालत्या होडीवर पुन्हा उडी घेते. १९१६ सालापासून हा प्रकार चालू आहे. उडी चुकली की पोस्टमन पाण्यात!

पण माझी पुतणी मला तिथे घेऊन गेली ती हे पाहायला नव्हे. "काका, तुम्ही पंढरपूर पाहिलंत, आळंदी पाहिलीत," ती म्हणाली, "आता माझी आळंदी पाहा."

तिच्या धंद्याची थोडी फोड करून सांगितली पाहिजे. ती खेळ लिहिते. खेळ खेळतात, हे आपल्याला माहीत. लिहितात म्हणजे काय? तर चार-पाच मंडळी टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार. तो सांगतो, "समोर पडका वाडा आहे, दार किलकिले आहे, आतून कण्हण्याचा आवाज येतोय. काय करता?" बाकीच्यांपैकी एक योद्धा झालेला असतो, एक चोर, एक मांत्रिक. ज्याने त्याने आपापल्या सोंगाप्रमाणे उत्तर द्यायचे आणि ते फळले की फसले, याचा निकाल फासा लावणार. फासेही साधे नव्हेत. एकाला तर वीस बाजू! आमची आजी भुताची गोष्ट सांगता सांगता मध्येच थांबून "तू असतास तर काय केलं असतंस रे?" असे विचारायची, त्यातलाच हा प्रकार. इथे कोणी हरत नाही, कोणी जिंकत नाही; गोष्ट पुढे जाते, एवढेच. पण सूत्रधाराला वाड्याचा नकाशा हवा, गावकऱ्यांची गुपिते हवीत, भुताची कुळकथा हवी. ती लिहून देणारी लेखकमंडळी म्हणजे माझ्या पुतणीची जात. आमच्या धाकट्या बंधुराजांना, म्हणजे तिच्या वडिलांना, हा धंदा अजून पचलेला नाही. "लग्नाच्या बाजारात काय सांगू? मुलगी भुतं लिहिते म्हणून?" असे ते फोनवर विचारतात.

सेंटर स्ट्रीटवर ३३० क्रमांकाचे एक साधे घर आहे. बाहेरून पाहाल तर एखाद्या कारकुनाचे वाटावे. आणि ते होतेही तसेच. गॅरी गायगॅक्स नावाचा गृहस्थ इथे राहत असे. शिकागोतल्या विमा कंपनीतली त्याची नोकरी १९७० साली गेली. पुढे पोराबाळांच्या पोटासाठी तो घरी जोडे दुरुस्त करी आणि उरलेल्या वेळात खेळांचे नियम रची. १९६८ साली त्याने गावातला हॉर्टिकल्चरल हॉल ५० डॉलर भाड्याने घेऊन खेळकऱ्यांचा मेळावा भरवला होता. तोच आजचा 'जेन कॉन'. २००३ पासून तो इंडियानापोलिस शहरात चार दिवस भरतो आणि २०२४ साली त्याला सत्तर हजारांवर माणसे लोटली होती.

मिनेसोटातल्या डेव्ह आर्नेसन या मित्राच्या कल्पनेवर गायगॅक्सने नियम बेतले आणि 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ सिद्ध झाला. आपण त्याला 'भुयारे आणि सर्पासुर' म्हणू. प्रकाशक मात्र मिळेना. तेव्हा १९७३ साली त्याने बालमित्र डॉन के याच्या भागीदारीत स्वतःचीच कंपनी काढली, आणि जानेवारी १९७४ मध्ये हजार प्रती छापल्या. तीन पुस्तिका, एक डबा, किंमत १० डॉलर. डबे याच घराच्या तळघरात भरले गेले. वर्षभरात ते संपले! पदरमोड करून पुस्तक काढणाऱ्यांची आपल्या मराठीतली पंगत काही लहान नाही; पण असे तळघर फारच थोड्यांच्या नशिबी येते.

मी घराला नकळत नमस्कार केला. पुतणी हसली आणि म्हणाली, "आता दुसरी बाजू ऐका." आर्नेसनला आपल्या हिश्शाच्या स्वामित्वधनासाठी १९७९ साली कोर्टाची पायरी चढावी लागली, १९८१ साली तडजोड झाली. आणि खुद्द गायगॅक्सच्या हातून कंपनीचा ताबा १९८५ साली गेला. १९९७ साली ती 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट'ने विकत घेतली, आणि १९९९ साली त्या विझर्ड्सना 'हॅस्ब्रो' या खेळण्यांच्या बड्या कंपनीने. २००८ साली गायगॅक्स याच गावात वारला, तेव्हा त्याच्या तळघरातल्या खेळावर मालकी दुसऱ्याचीच होती.

हे सगळे ती मला उगाच सांगत नव्हती. तिच्या पिशवीत एक करारपत्र होते. एका कंपनीने तिच्याकडे आठ हजार शब्दांची साहसकथा मागितली होती. दर शब्दामागे आठ सेंट, म्हणजे ६४० डॉलर. अट एकच: लिहिलेले सारे कंपनीचे. नाव छापतील, पण कथेतले गाव, माणसे, भुते यांवर पुढे लेखिकेचा काडीचाही हक्क नाही. आणि तिने मनाशी योजलेले गाव होते आमचेच कोकणातले! ओढ्याकाठचा पिंपळ, त्यावरचा मुंजा, अमावास्येला निघणारी वेताळाची पालखी. आजीने तिला उन्हाळ्याच्या सुट्टीत सांगितलेले सगळे. सही करायची की नाही, हे सोमवारपर्यंत कळवायचे होते. बंधुराजांचा सल्ला तयार होता: "पैसे देतायत ना? मग घे आणि मोकळी हो."

आम्ही सरोवराकाठच्या वाटेने चालू लागलो. ही वाट मोठी नामी आहे. मूळ पोटावाटोमी या आदिवासींची पायवाट. सरोवराला सुमारे २१ मैलांचा वळसा घालते, आणि लक्षाधीशांच्या खासगी हिरवळीवरून जाते! बंगला कोणाचाही असो, पाण्यालगत चालण्याचा हक्क सर्वांना. मालकाने फक्त आपापल्या हद्दीतला तुकडा राखायचा. म्हणून कुठे विटा, कुठे फरशी, कुठे नुसते गवत.

"मग दुसरे मार्ग काय आहेत?" मी विचारले. तिने बोटे मोडायला सुरुवात केली.

"एक, 'डंजन मास्टर्स गिल्ड'. २०१६ पासून आहे. तिथं मूळ कंपनीच्या जगातल्या गोष्टी लिहून विकता येतात. निम्मी किंमत आपली. पण तो माल दुसऱ्या दुकानात नेता येत नाही, आणि आपली भुतं गिल्डमधल्या इतरांना वापरायला मोकळी. दुसरा, 'ड्राइव्हथ्रूआरपीजी'सारखं दुकान. आपलं पुस्तक, आपलं जग. पासष्ट-सत्तर टक्के आपले. मागणी येईल तशी छापील प्रतही काढून देतात. तिसरा, 'इच'. तिथं दुकानदाराला किती द्यायचं, ते लेखकच ठरवतो."

"आणि चौथा?"

"किकस्टार्टर. आधी योजना सांगायची, लोकांनी पैसे कबूल करायचे. ठरवलेली रक्कम जमली तरच पैसे मिळतात, नाहीतर कोणाकडूनच नाहीत. त्यांचे पाच टक्के, शिवाय पैसे वळते करण्याचा खर्च. २०१९ पासून तिथं छोट्या पुस्तिकांचा खास हंगामही सुरू झाला."

"म्हणजे आपली प्रकाशनपूर्व सवलत!" मी म्हणालो. "आगाऊ नोंदणी करा आणि कमी किमतीत ग्रंथ मिळवा. आमच्या वडिलांनी अशी कितीतरी पुस्तकं घेतली."

बाकावर बसून आम्ही हिशेब मांडला. दहा डॉलरची पुस्तिका आणि ६५ टक्के वाटा धरला, तर ६४० डॉलरला ९९ प्रती खपायला हव्यात. गिल्डवर १२८. ऐकायला सोपे, पण चित्रकार, नकाशे काढणारा, मुद्रिते तपासणारा, सगळे लेखकाच्या खिशातून. किकस्टार्टरमध्ये तर टपालखर्च नीट धरला नाही, तर शंभर वर्गणीदार म्हणजे शंभर सावकार. कंपनीचे ६४० मात्र रोख, आणि तिचे नाव हजारो टेबलांवर जाणार, हाही लाभच.

"पण दुसऱ्याच्या खेळाच्या नियमांवर तू स्वतःचे पुस्तक काढलेस, तर तो मालक गप्प बसेल?" मी शंका काढली.

तिने पायाखालच्या वाटेकडे बोट दाखवले. "हीच तर गंमत आहे, काका. २००० साली कंपनीने खुला परवाना दिला, नियम कोणीही वापरा म्हणून. त्यावर कित्येकांचे संसार उभे राहिले. जानेवारी २०२३ मध्ये तो बदलायचा घाट घातला. मसुदा फुटला आणि खेळणाऱ्यांनी एवढा गदारोळ केला की महिन्याच्या आतच कंपनीनं माघार घेतली. सुमारे चारशे पानांची नियमावली 'क्रिएटिव्ह कॉमन्स'खाली मोकळी केली. नामनिर्देश करायचा, बस्स. आता ती परत घेता येत नाही."

बंगला त्यांचा, वाट सर्वांची. एवढी वर्षे कोर्टकज्जांत जे सुटले नव्हते, ते सरोवराकाठच्या एका पायवाटेने मला समजावून दिले.

सोमवारी तिने कंपनीला कळवले: साहसकथा लिहीन, पण तुमच्याच जगातली, तुमच्याच राजाची नि तुमच्याच राक्षसांची. कंपनीची ना नव्हती. तिला आठ हजार शब्द हवे होते. मुंजा हवा असा तिचा काही हट्ट नव्हता. ते ६४० डॉलर पुतणीने चित्रकाराला दिले, आणि आमच्या गावची पुस्तिका आगाऊ नोंदणीवर काढली. वर्गणीदार फार नव्हते, पण छपाई आणि टपाल निघण्यापुरते होते. कंपनीचे काम ती अजूनही करते. भाडे त्यावर चालते. भाड्यासाठी शब्द विकावेत, घर विकू नये, असा तिचा हिशेब आहे.

गेल्या महिन्यात पुस्तिकेची एक प्रत बंधुराजांकडे पुण्याला आली. बत्तीस पाने. नकाशात ओढा आहे, पिंपळ आहे, आमच्या पडवीची पायरीसुद्धा आहे. त्यांना इंग्रजी नियमांतले काही उमगले नाही. पण आल्यागेल्याला ते पुस्तिका दाखवतात, आणि मुखपृष्ठ नव्हे, तर आतले दुसरे पान उघडतात. तिथे बारीक अक्षरांत स्वामित्वहक्काची ओळ आहे, आणि त्या ओळीत मुलीचे संपूर्ण नाव, मध्ये वडिलांच्या नावासह!