कडी आतून निघते

लेबनॉनच्या बातम्या वाचू लागलो तेव्हा माझंही मत चारचौघांसारखंच होतं: एवढासा देश, मोठ्यांच्या भांडणात भरडला जाणारा. आता ते मला अर्धंच पटतं. बाहेरचे तिथे घुसतात हे खरं, पण बहुतेक वेळा कडी आतूनच कुणीतरी काढलेली असते. 1943च्या अलिखित करारानं राष्ट्राध्यक्ष मॅरोनाइट ख्रिस्ती, पंतप्रधान सुन्नी, सभापती शिया अशी वाटणी केली. 1989च्या ताइफ करारानं संसदेतल्या ख्रिस्ती-मुस्लिम जागा समसमान केल्या. वाटणी कायमच राहिली. अशा घरात एकट्याच्या बळावर कुणालाच जिंकता येत नाही, दुसऱ्याला अडवता मात्र येतं. मग जो तो पाठीराखा शोधतो, कुणी रियाधला, कुणी तेहरानला.

राष्ट्राध्यक्षाची निवड घ्या. संसदेच्या 128 पैकी 86 सदस्य हजर नसतील तर गणपूर्तीच धरत नाहीत. म्हणून हरणाऱ्यांनी उठून जायचं, की निवडणूक बारगळली. ऑक्टोबर 2022 पासून दोन वर्षांवर खुर्ची रिकामी राहिली ती अशी. 9 जानेवारी 2025 ला लष्करप्रमुख जोसेफ औन यांना पहिल्या फेरीत 71 मतं पडली. मधल्या सुट्टीत हिजबुल्ला आणि अमल या शिया गटांचे प्रतिनिधी त्यांना भेटले आणि दुसऱ्या फेरीत आकडा 99 वर गेला. अमेरिका, फ्रान्स, सौदीच्या दूतांनी आधी बैरुतमध्ये खेटे घातले होतेच. पण अडवलेली मतं सोडली ती घरच्यांनी.

कुणी विचारेल, 1982 मध्ये लेबनॉनवर चालून आलेल्या इस्रायलला काय आवतण होतं? रणगाडे आवतणाची वाट बघत नाहीत, हे मान्य. दक्षिणेतल्या शियांना त्या स्वारीची किंमत मोजावी लागली आणि हिजबुल्लाही त्यातूनच उभी राहिली. तिला नुसतं इराणचं बाहुलं म्हणणं मला आळशीपणाचं वाटतं. तरीही ख्रिस्ती नेते बशीर जमायेल यांच्या गटाचं इस्रायलशी साटंलोटं त्या स्वारीच्या आधीचंच. 1976 मध्ये आलेलं सीरियाचं सैन्य 2005 मध्ये परतलं. तीनच वर्षांत तंटा तोडायला सगळे गट दोहाला गेले. आणि मिशेल औन? 1989 मध्ये सीरियाशी लढलेला हा सेनानी 2006 मध्ये सीरियाचा मित्र असलेल्या हिजबुल्लाशी हातमिळवणी करून बसला, 2016 मध्ये राष्ट्राध्यक्षही झाला. यजमान पाहुणे बदलतो, पंगत तीच.

ही वाटणी ज्या लोकसंख्येच्या हिशोबावर झाली, ती जनगणना 1932ची. त्यानंतर तिथे अधिकृत जनगणना झालेली नाही.