दमल्यावरची उडी

अकलोलीच्या गरम कुंडांवर लांबलांबून गुडघेदुखीवाले येतात. माझा गुडघा इथलाच, व्हॉलीबॉलने धरलेला. वाटीच्या खालच्या टोकाला बोट दाबलं की नेमकी तिथेच कळ येते. वाटीखालचा कंडरा दुखावलाय, असं डॉक्टर म्हणाले. उड्या मारणाऱ्यांत हे दुखणं फार. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत नॉर्वेच्या अव्वल व्हॉलीबॉलपटूंपैकी सुमारे 45 टक्के जणांना ते होतं.

अंग तापलं की हे दुखणं गप्प बसतं. गोदामातली पाळी करून आलो तरी पहिले दोन सेट स्मॅश छान बसतात. मग पाय जड होतात. उडी थोडीच कमी होते. खरा फरक पडतो तो खाली येताना. ताजा असलो की आधी चवडे टेकतात, मग टाचा, पाठोपाठ गुडघे आणि कंबर वाकते. सगळा झटका मांड्या आणि कुल्ल्यांचे स्नायू वाटून घेतात. दमलो की गुडघा पुरता वाकत नाही, अंग ताठ राहतं आणि तोच भार निमिषभरात अंगावर येतो. टणक मैदानावर तर जास्तच. आमचा सेटर म्हणजे माझा धाकटा चुलतभाऊ. तो लगेच ओरडतो, “दादा, पाय वाजायला लागले!” पहिल्या सेटला न ऐकू येणारा तो धप्प आवाज नेटपलीकडेही पोचतो.

रात्रीच्या स्पर्धांत एकामागून एक सामने होतात, म्हणून नुसत्या उड्या मोजून भागत नाही असं माझं ठाम मत आहे. पाय वाजले की मी बाहेर बसतो आणि बदली खेळाडू आत जातो. संघातल्या पोरांनाही हेच लावलंय. सोळा-सतरा वर्षांची पोरं दुखणं लपवून खेळतात, त्याची मला फार काळजी वाटते.

कुंडात बसलं की आखडलेले स्नायू मोकळे होतात, पण कंडऱ्याला बळ येतं ते हळूहळू वाढवलेल्या वजनाने. फिजिओथेरपिस्टने भिंतीला पाठ टेकून 45 सेकंद अर्धवट बसायला शिकवलं, पुढे खांद्यावर वजन घेऊन संथ बैठका, त्याही एक दिवसाआड. नुसती विश्रांती घेतली तेव्हा कळ थांबली, पण पहिल्याच सामन्यात परतली.

कालचा खेळ झेपला का, ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं. मी वज्रेश्वरीच्या देवळाच्या 52 पायऱ्या चढून उतरतो. उतरताना कळ वाढलेली असली, तर त्या संध्याकाळी नेट बांधतो, पोरांना सर्व्हिस टाकून देतो, पण उडी मारत नाही.