कॉर्फचा भग्न किल्ला

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील डॉर्सेट परगण्यात कॉर्फचा किल्ला आहे. राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट यांच्या युद्धात, १६४३ साली, मेरी बँक्स या मानी स्त्रीने मूठभर माणसांनिशी तो लढविला. १६४६ साली मात्र फितुरीने किल्ला पडला. पार्लमेंटच्या आज्ञेने त्याच्या तटांना सुरुंग लावण्यात आले. गावकऱ्यांनी पडलेले दगड नेऊन आपली घरे बांधली.

आतल्या दरवाजाचा अर्धा भाग तेव्हा खचून खाली सरकला. तो आजही तसाच उभा आहे. तो पाहून मी कितीतरी वेळ स्तब्ध झालो. १९७९ च्या कायद्यान्वये अशा संरक्षित वास्तूत सरकारच्या संमतीवाचून फेरफार करणे हा गुन्हा आहे.

कोणी म्हणेल, ‘हा किल्ला पुन्हा बांधून का काढीत नाहीत?’ मुलांनो, तसे केल्यास तो देखणा होईल. पण मेरीच्या शौर्याची आणि फितुराच्या कपटाची साक्ष पुसली जाईल. ढासळू पाहणारी भिंत सावरावी, तिची जखम मात्र बुजवू नये. वास्तू जपण्याची हीच रीत मला खरी वाटते.