किराणा दुकानातला युवराज

पॅरिसच्या पश्चिम वेशीवरचं पोर्त मायो म्हणजे रहदारीचा नुसता कल्लोळ. एका बाजूला अधिवेशनं भरवण्यासाठी बांधलेलं अवाढव्य ‘पाले दे काँग्रे’, शेजारून धडधडत जाणारा रिंगरोड, हॉटेलचा उंच मनोरा. या गर्दीत एक बुटकं दगडी चॅपेल अंग चोरून उभं आहे. घाईत धावणारे त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत.

13 जुलै 1842 रोजी इथे मोकळा रस्ता होता. राजा लुई फिलिपचा थोरला मुलगा, ऑर्लेआँचा ड्यूक फर्दिनां, सैन्याच्या पाहणीसाठी सेंत-ओमेरला निघायचा होता. त्याआधी न्यूयीच्या वाड्यावर आईवडिलांचा निरोप घ्यावा म्हणून तो हलक्या, उघड्या बग्गीतून निघाला आणि वाटेत घोडे उधळले. त्याने उडी मारली की तो फेकला गेला, यावर लोकांनी पुढे बराच खल केला. डोकं फरसबंदीवर आदळलं, एवढं मात्र नक्की. लोकांनी त्याला जवळच्या किराणा दुकानात नेलं आणि मागच्या खोलीत जमिनीवर गादी टाकून निजवलं. राजा-राणी धावत आले. फ्रान्सच्या गादीचा वारस काही तासांनी त्या दुकानातच गेला. वय 31.

माणूस लोकप्रिय होता, आणि नुसत्या रुबाबामुळे नव्हे. बापाने त्याला आंरी-कात्र या सार्वजनिक शाळेत घातलं होतं. कवी आल्फ्रेद द म्युसे तिथला त्याचा सोबती. 1832 मध्ये पॅरिसमध्ये कॉलरा पसरला तेव्हा तो पंतप्रधान कासिमिर पेरिएसोबत ओतेल-द्यू इस्पितळात रुग्णांच्या खाटांपाशी गेला. फर्दिनां बचावला. पेरिए मे महिन्यात कॉलऱ्यानेच गेला. अल्जीरियातल्या लढायांतही फर्दिनां होता. त्या पराक्रमाचं कौतुक तिथल्या लोकांनी काय म्हणून करावं, हा प्रश्न वेगळा.

राजाने दुकान विकत घेऊन पाडलं आणि त्याच जागी चॅपेल उठवलं. वर्षभरात, जुलै 1843 मध्ये, त्याचं पवित्रीकरणही झालं. रंगीत काचांची चित्रं आंग्रने काढली. याच चित्रकाराने अपघाताच्या थोडंच आधी ड्यूकचं गाजलेलं व्यक्तिचित्र पुरं केलं होतं. खिडक्यांमध्ये राजघराण्यातल्या माणसांच्या नावांचे संत उभे आहेत. आत शिल्पकार त्रिकेतीने घडवलेला पहुडलेला संगमरवरी ड्यूक, आणि जवळ गुडघे टेकलेला देवदूत. हा देवदूत बहीण मारीचा. ती उत्तम शिल्पकार होती आणि भावाच्या आधी तीन वर्षं, 1839 मध्ये वारली होती. तिने तो घडवला तेव्हा भाऊ धडधाकट होता.

‘तो जगता तर 1848 ची क्रांती टळली असती’ असं पुष्कळांनी लिहिलं. त्या फेब्रुवारीत राजाने नऊ वर्षांच्या नातवासाठी राजत्याग केला, फर्दिनांची विधवा एलेन मुलांना घेऊन संसदेत गेली, तरी प्रजासत्ताक आलंच. युवराज असता तर कदाचित सौदा जमला असता. पण उपाशी, मताधिकार नसलेल्या पॅरिसची समस्या एका देखण्या वारसाने सुटली असती, हे पटत नाही.

चॅपेलही आता मूळ जागी नाही. 1970 च्या सुमारास रस्ते आणि ‘पाले दे काँग्रे’ यांना जागा हवी होती, म्हणून ते दगड दगड सोडवून थोडं पलीकडे पुन्हा रचलं. पॅरिसला गेलात तर मेट्रोच्या पहिल्या लाइनवर पोर्त मायोला उतरा आणि आंग्रच्या काचा बघा.