खाडीपलीकडची गोराई

गोराईची फेरीबोट पकडण्याआधी मी वाट वाकडी करून बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यांत डोकावलो. आत नटराज आहे. शेजारच्या एका भिंतीवर मात्र मूळ शिल्प तासून भलामोठा क्रूस कोरलेला! सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन पाद्रींनी या शिवलेण्याचं चर्च केलं. वर त्यांच्या मठाच्या भिंती अजून उघड्या पडून आहेत.

हे सगळं घडलं ते एका तहामुळे. गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने १५३४ मध्ये वसई आणि तिच्याभोवतीचा मुलूख पोर्तुगीजांना देऊन टाकला. त्यात साष्टी बेटही गेलं. सहासष्ट गावांची म्हणून साष्टी. आज अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली म्हणून लोकल जिथे थांबते ती सगळी याच बेटावर.

जेट्टीवरून पलीकडे जायला जेमतेम दहा मिनिटं लागतात. गाडीने जायचं तर भाईंदर-उत्तनवरून केवढा तरी वळसा. माझ्या बोटीत रिकाम्या पाट्या घेतलेल्या बायका होत्या. सकाळी बोरिवलीत भाजी विकून परत निघालेल्या. एकमेकींशी मराठी बोलत होत्या, आणि गळ्यात क्रूस. मुंबईकरांना ही जोडी अजून चकित करते, याचंच खरं तर नवल वाटायला हवं.

पोर्तुगीज अमलात इथल्या लोकांचा धर्म बदलला, आडनावं डिसोझा-परेरा झाली, पण विहीर आणि शेत तिथेच राहिलं. लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवर जाऊन ‘उंबराचं पाणी’ आणायचं, त्याने नवरा-नवरीला न्हाऊ घालायचं, ही रीत कुठल्याच पाद्रीने शिकवलेली नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ‘आगेरा’ असतो. नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घ्यायचा. आपली नव्याची पौर्णिमा आठवावी! लुगडं होतंच, आणि मसाला उन्हाळ्यात कुटून बाटल्यांत ठासलेला, म्हणून बॉटल मसाला.

१७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली. पोर्तुगीज गेले, पण इथले ख्रिस्ती कुठे जाणार? ते इथलेच. १७७४ मध्ये इंग्रजांनी साष्टी घेतली. पुढे मुंबईत नोकरीला गोवा-मंगळूरकडचे ख्रिस्ती येऊ लागले. त्यांचीही आडनावं तीच. आपण वेगळे, इथले, हे दाखवण्यासाठी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी, साष्टीकरांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं. आपण भूमिपुत्र आहोत हे सांगायला त्यांना कंपनी सरकारचं नाव उसनं घ्यावं लागलं, यापरता विनोद नाही.

गोराईत उतरल्यावर बहुतेक लोक विपश्यनेच्या पॅगोड्याकडे नाहीतर समुद्रावर जातात. मी गावठाणात शिरलो. अरुंद गल्ल्या, कौलारू घरं, पुढे ओटा, वळणावर फुलं वाहिलेला क्रूस. अंधेरी-मुलुंडची गावठाणं टॉवरांच्या बगलेत दडपली गेली; इथे आडवी आलेली खाडीच कामी आली.

तुम्ही जाणार असाल तर ऑक्टोबरचा पहिला रविवार गाठा, आणि समुद्राआधी चर्चकडे वळा.