कल्याणच्या सोनाराचे पाणी

ठाणे, कल्याण, डोंबिवलीकडची आपली माणसे लेणी पाहायला निघाली की कार्ल्याला जातात, फार तर वेरूळ-अजिंठ्याची सहल काढतात. कान्हेरीचे नाव काढले तर म्हणतात, "ती बोरिवलीची." पत्त्यापुरते ते खरे आहे. पण ज्या डोंगरात कान्हेरी आहे त्याचीच पूर्वेकडची बाजू म्हणजे ठाण्याचे येऊर, आणि ज्यांच्या दानातून तो कातळ कोरला गेला त्यांत कल्याणची माणसे पुष्कळ आहेत. म्हणून आम्ही आणि आमचे एक जुने मित्र, दोघेही कल्याणचे, फेब्रुवारीतला एक रविवार ठरवून निघालो. मित्राने सारी उमर कारखान्यात फिटर म्हणून काढली. आता निवृत्त आहेत. गुडघे कुरकुरतात, पण चालण्याची हौस गेलेली नाही.

ठाण्याहून जंगलातून सरळ पलीकडे उतरावे असे कोणालाही वाटेल. पण हे राखीव जंगल आहे, बिबट्यांचे घर आहे. परवानगीशिवाय तसे जाता येत नाही. तेव्हा लोकलने ठाणे, पुढे घोडबंदर रस्त्याच्या बसने बोरिवली आणि राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकातून आत, असा वळसा घेतला. सारा वेळ डाव्या हाताला तोच डोंगर होता. फाटकापासून लेण्यांपर्यंत सहा-एक किलोमीटर डांबरी रस्ता आहे. आत बसची सोय असते. आम्ही पायी निघालो. ऊन स्वच्छ होते, पण झाडांखाली गारवा होता. सावरीची पाने झडून गेलेली आणि नुसती लाल फुले राहिलेली. तिच्यावर मैनांची शाळा भरली होती. पायऱ्यांपाशी पाड्यावरच्या बाया काकड्या आणि बोरे घेऊन बसल्या होत्या. दोन काकड्या घेतल्या. त्यांतली एक पुढे माकडाने नेली.

कान्हेरीचे जुने नाव कृष्णगिरी, म्हणजे काळा डोंगर. शंभराहून अधिक लेणी आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास येथे छिन्नी चालू लागली आणि पुढे जवळजवळ हजार वर्षे भिक्खूंची वस्ती राहिली. तिसऱ्या क्रमांकाचे चैत्यगृह दोघा व्यापारी भावांनी, गजसेन आणि गजमित्र यांनी, यज्ञश्री सातकर्णीच्या काळात करविले. व्हरांड्याच्या दोन्ही अंगांना सात मीटरच्या आसपास उंचीच्या उभ्या बुद्धमूर्ती आहेत, त्या नंतरच्या. आत स्तूपासमोर आम्ही त्रिशरण-पंचशील म्हटले. आवाज घुमटाला लागून परत येतो आणि आपण दोघेच नाही असे वाटते. मागे एक शाळेची सहल आली होती. पोरे आपोआप गप्प झाली. बाईंना दटावावे लागले नाही.

मूर्तींविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आमच्या मित्राचे डोळे मात्र फिटरचे. ते मूर्तींपेक्षा पन्हळी पाहत राहिले. प्रत्येक विहाराच्या अंगाला कातळात खोदलेले पाण्याचे टाके आहे. वर डोंगराच्या पाठीवर बोटभर, वीतभर खोल चर खोदले आहेत. ते पावसाचे पाणी उतारावरून वळवून टाक्यांत आणून सोडतात. "पाइप नाही, पंप नाही, नुसता उतार," मित्र म्हणाले, "आणि उतार चुकला असता तर सगळी मेहनत फुकट!" फेब्रुवारीचा शेवट होता, तरी काही टाक्यांत पाणी होते. ओंजळभर घ्यावे असे वाटले, पण पाण्यावर प्लॅस्टिकच्या बाटल्या तरंगत होत्या. मित्राने वाळकी काठी शोधून त्यांतल्या तीन काढल्या. एवढ्या डोंगराला तीन बाटल्या काय, असे म्हणणारे म्हणोत.

या टाक्यांना लेखांमध्ये 'पोढी' म्हटले आहे. ब्राह्मी आम्हांला वाचता येत नाही. पण लेखांची वाचने कधीच छापली गेली आहेत आणि ती वहीत टिपून नेली होती. पाचव्या लेण्यापाशी टाक्याचा जो लेख आहे त्यात वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या राणीचा उल्लेख येतो. ही राणी महाक्षत्रपाची कन्या. टाके दिले तिच्या शतेरक नावाच्या अमात्याने, आणि लेख आहे संस्कृतात. दुसऱ्या एका टाक्याचा लेख प्राकृतात, म्हणजे लोकांच्या बोलीत. त्याचा दाता कल्याणचा सोनार, सामिदत्त. काम तेच, कातळही तोच, पुण्यही तेच. आणि सोनाराने आपली ओळख काय दिली? नाव, धंदा आणि गाव. एवढेच. वर्ण सांगितलेला नाही.

हे वाचून दाखवले तेव्हा मित्र टाक्याच्या काठावर बसले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आईची गोष्ट सांगू लागले. आम्ही चाळीस वर्षांचे सोबती, पण ही गोष्ट आम्ही पहिल्यांदा ऐकली. त्यांच्या गावी विहीर होती, पण तिच्या काठाला हात लावायची सोय नव्हती. आई रिकामा हंडा घेऊन खाली उभी राहायची. वरून कोणी दया येऊन ओतील तेव्हा पाणी. उन्हाळ्यात दोन-दोन तास. शहरात आल्यावर चाळीतल्या नळाखाली पहिल्यांदा तिने स्वतःच्या हाताने कळशी लावली, आणि ती भरून वाहू लागली तरी तिने नळ बंद केला नाही. शेजारीण ओरडली. "मी तेव्हा आईवरच चिडलो होतो," मित्र म्हणाले, "पाणी वाया घालवते म्हणून."

पाण्याची ही लढाई आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली मंजूर झाला. तरी २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांना चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन तो हक्क बजावून दाखवावा लागला. आणि त्या तळ्याचा खटला हायकोर्टात आपल्या बाजूने लागायला १७ मार्च १९३७ उजाडला. आम्हांला त्या दुपारी वेगळेच सुचत होते. पाणी ही ज्याची त्याची मालमत्ता नव्हे, ती द्यायची गोष्ट आहे, हे ज्या मुलखात एक सोनार दगडावर कोरून गेला, त्याच मुलखात पुढे माणसाला पाण्यासाठी हात पसरायला लावणारे शिरजोर झाले. मधल्या काळात काय बुडाले, ते बाबासाहेबांनी शोधून काढले. ज्या संघात उपाली न्हावी होता आणि सुनीत झाडलोट करणारा होता, त्या संघाची वाट.

वाट म्हणजे खरीच वाट. कल्याणच्याच नंद नावाच्या लोहाराने येथे काय दान दिले असेल? पायवाट! लेखात तसे नोंदले आहे. ना मूर्ती, ना खांब. येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय घसरू नये म्हणून वाट. हे ऐकून आमचे फिटर मित्र असे खुलले की उतरताना प्रत्येक खोदीव पायरीला "ही आपल्या नंदाची" म्हणू लागले. सगळ्याच त्याच्या नसणार, पण आम्ही वाद घातला नाही.

कल्याणच्या बायांचीही नावे या लेखांत आहेत, भिक्खुणींचीही आहेत. भिक्खूंच्या चिवरासाठी कायम ठेव ठेवल्याचे लेख आहेत; तिला अक्षयनीवी म्हणत. एका लेखात तर खुद्द कल्याणमधल्या अंबालिका विहाराचा उल्लेख आहे. म्हणजे आपल्या गावात विहार होता, नावानिशी होता. परतीच्या बसमध्ये मित्राने विचारले, "कुठे असेल रे तो? खाडीकडे, की किल्ल्याकडे?" आज कल्याणात त्याची खूण म्हणून दाखवावी असे काही उभे नाही. त्याचे नाव सांगायला कान्हेरीचा दगडच उरला.

उतरत्या उन्हात येऊरचा डोंगर तांबूस दिसत होता. ठाण्याच्या पुलावर लोकलची वाट पाहताना ठरवले की विहारातल्या रविवारच्या वर्गाची मुले पुढच्या महिन्यात न्यायची. सोमवारी लेणी बंद असतात, हे जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. मुलांना ब्राह्मीची बाराखडी आधी शिकवावी म्हणजे तेथे नुसते फोटो काढणे होणार नाही. खाऊ पिशवीत दडवून न्यावा. माकडे फार धीट आहेत. आणि प्रत्येकाने पाण्याची बाटली घरून न्यावी, तीच परत आणावी. नव्या विहारात माठ ठेवायचा विषय समितीपुढे दोन महिने पडून आहे. त्याचे पैसे आपण देऊ, असे मित्र लोकलमध्ये चढता चढता म्हणाले. फक्त माठावर नाव कुणाचे घालायचे यावर डोंबिवली येईपर्यंत आमची चर्चा चालली होती.